धोका नेमका कोणत्या वॉर्डात?

कोविडच्या काळातले रुग्णालय आठवा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अतिदक्षता विभागच उभा राहतो. पीपीई किटमध्ये नखशिखान्त झाकलेला डॉक्टर, गॉगलवर धरलेली वाफ, व्हेंटिलेटरची टिकटिक. जिवावर उदार झालेला माणूस तो हाच, असे आपण धरून चाललो आणि टाळ्या-थाळ्या वाजवल्या त्याही याच चित्रासाठी. चित्र खोटे नव्हते. पण संसर्ग कोणाला किती झाला हे प्रत्यक्ष मोजायला घेतले तेव्हा आकडे भलतीकडेच बोट दाखवू लागले. बर्मिंगहॅमच्या विद्यापीठ रुग्णालयांत एप्रिल २०२० च्या अखेरीस ५१६ कर्मचाऱ्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत का, हे तपासले गेले. हे सगळे कामावर हजर असलेले, त्या वेळी कोणतीही लक्षणे नसलेले लोक होते. त्यांतल्या २४.४ टक्के जणांना संसर्ग होऊन गेलेला निघाला. विभागवार आकडे पाहिले तर सफाई कर्मचारी सर्वांत वर होते, ३४.५ टक्के. त्यांच्या खालोखाल, नव्याने दाखल झालेला रुग्ण आधी जिथे ठेवतात त्या वॉर्डातले कर्मचारी, ३३.३ टक्के. मग सर्वसाधारण मेडिसिनचे वॉर्ड, ३०.३ टक्के. आणि ज्यांची आपल्याला सर्वांत जास्त काळजी वाटत होती त्या अतिदक्षता विभागातले? १४.८ टक्के. ऑक्सफर्डच्या रुग्णालयांनी दहा हजारांवर कर्मचारी तपासले, तिथेही कल हाच दिसला: नव्या रुग्णांच्या वॉर्डात सुमारे २७ टक्के, अतिदक्षता विभागात सुमारे १०, आणि कामाच्या प्रकारानुसार पाहिले तर स्ट्रेचर ढकलणारे आणि सफाई करणारे सर्वांत पुढे.

याचे कारण विषाणूच्या वेळापत्रकात आहे. कोविडचा रुग्ण सर्वांत जास्त विषाणू बाहेर टाकतो तो लक्षणे दिसायच्या आधीचे एक-दोन दिवस आणि दिसल्यानंतरचे पहिले काही दिवस. एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या संसर्गापैकी सुमारे ४४ टक्के संसर्ग पहिल्याला लक्षणे दिसण्यापूर्वीच होतो, असा हिशेब चिनी संशोधकांनी एप्रिल २०२० मध्येच मांडला होता. अतिदक्षता विभागात रुग्ण पोहोचतो तो सहसा आजाराच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर फुप्फुसांची दुर्दशा झालेली असते, पण त्या दुर्दशेत शरीराने स्वतःच पेटवलेल्या दाहाचा वाटा मोठा असतो. घशातला जिवंत विषाणू एव्हाना ओसरू लागलेला असतो. रुग्ण स्वतः सर्वांत मोठ्या संकटात असतो तेव्हा इतरांना त्याच्यापासून तितकासा धोका उरलेला नसतो, आणि इतरांना त्याच्यापासून सर्वाधिक धोका असतो तेव्हा त्याच्याकडे कोणाचे लक्षही नसते. तेव्हा तो ओपीडीच्या रांगेत असतो, एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर असतो, किंवा मोडलेले हाड बसवायला म्हणून दाखल झालेला असतो. साथीच्या काळात रुग्णालयाचा कर्मचारी आजारी पडतो तो मुख्यतः अशा माणसामुळे, ज्याचा संशय कोणालाच आलेला नसतो. हे एकदा मान्य केले की संरक्षणाचा पैसा, शिस्त आणि लक्ष कुठे लावायचे याचा सगळा क्रम बदलतो. तो आपण अजून बदललेला नाही.

आपली समजूत अतिदक्षता विभागाभोवती का फिरत राहिली, यालाही इतिहास आहे. २००३ च्या सार्समध्ये जगभर ८,०९६ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत १,७०६ आरोग्य कर्मचारी होते, म्हणजे पाचांतला एक. सार्सचा विषाणू कोविडच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद, पण त्याचे वेळापत्रक वेगळे. त्यात रुग्ण दुसऱ्या आठवड्यात, अगदी खंगल्यावर, सर्वाधिक विषाणू टाकायचा. त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालणाऱ्या डॉक्टरांना तेव्हा खरोखरच मोठा धोका होता, आणि तोच धडा सतरा वर्षांनी कोविडला जसाच्या तसा लावला गेला. तरीही सार्सच्या मोठ्या घटना नीट पाहिल्या तर तिथेही सुरुवात संशय न आलेल्या रुग्णापासूनच झालेली दिसते. हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयातल्या ८-ए वॉर्डात ४ मार्च २००३ रोजी न्यूमोनियाचा एक रुग्ण दाखल झाला. त्याला वेगळे ठेवायचे कारण कोणाला दिसले नाही. श्वास मोकळा व्हावा म्हणून त्याला नेब्युलायझरने औषध सुरू केले, दिवसातून चार वेळा, सात दिवस. नेब्युलायझर औषधाचे बारीक धुके करतो. ते रुग्णाच्या छातीत जाते आणि उच्छ्वासाबरोबर खोकल्याचे सूक्ष्म कण घेऊन वॉर्डात परत येते. थोड्याच दिवसांत १३८ जण आजारी पडले. त्यांत २० डॉक्टर, ३४ परिचारिका, १५ इतर कर्मचारी आणि १६ वैद्यकीय विद्यार्थी होते. विद्यार्थी तर त्या वॉर्डात नुसते रुग्ण तपासायला शिकायला आले होते.

टोरंटोचे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण त्याला तुलनेसाठी जोडीदार आहे. टोरंटोतल्या स्कारबरो ग्रेस आणि व्हँकुव्हर जनरल या दोन कॅनेडियन रुग्णालयांत सार्सचा पहिला रुग्ण एकाच दिवशी आला, ७ मार्च २००३ रोजी. तोवर सार्स हे नावही ठरलेले नव्हते. व्हँकुव्हरमध्ये त्याला थोड्याच वेळात वेगळ्या खोलीत हलवले, कर्मचाऱ्यांनी एन-९५ लावले, आणि त्या रुग्णापासून साथ पसरली नाही. टोरंटोत तो तातडीच्या विभागात इतर रुग्णांच्या मध्ये रात्रभर पडून राहिला. पुढे ऑन्टॅरिओ प्रांतात सुमारे ३७५ जणांना सार्स झाला. त्यांतल्या ७२ टक्क्यांना तो रुग्णालयातच झाला, आणि या ७२ टक्क्यांतले ४५ टक्के आरोग्य कर्मचारी होते. खरी शोकांतिका मात्र मे महिन्यातली. साथ आटोक्यात आली असे जाहीर झाले, आणीबाणी उठली, मास्कची सक्ती सैल झाली. त्याच सुमारास नॉर्थ यॉर्क जनरल रुग्णालयाच्या अस्थिरोग वॉर्डात शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांना ताप आणि न्यूमोनिया होऊ लागला. शस्त्रक्रियेनंतर म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया होतोच, असे म्हणून तो खपून गेला. परिचारिकांनी ‘हे काही ठीक दिसत नाही’ असे सांगितले होते. सार्स नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. साथीची दुसरी फेरी तिथून सुरू झाली. न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने पुढे या सगळ्याची चौकशी केली आणि निष्कर्ष काढला की विज्ञानाची खात्री पटेपर्यंत कर्मचाऱ्यांचे संरक्षण थांबवून ठेवता येत नाही. संशयाचा फायदा मास्कला द्यावा, असा त्याचा मथितार्थ.

यावर पहिला आक्षेप असा की कर्मचारीही माणसेच आहेत. ती बसने येतात, बाजारात जातात, घरात मुलेबाळे आहेत. संसर्ग त्यांनी बाहेरून आणला नाही कशावरून? प्रश्न रास्त आहे. काही जणांनी तो बाहेरूनच आणला, यात शंका नाही. पण एकाच शहरात राहणाऱ्या, त्याच बसने येणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये वॉर्डाप्रमाणे दुपटीचा फरक पडतो तो बसमुळे पडत नाही. केंब्रिजच्या अॅडनब्रुक्स रुग्णालयात तर हे दोन प्रवाह चक्क वेगळे करून दाखवता आले. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत तिथे कोविड नसलेल्या वॉर्डांतल्या कर्मचाऱ्यांमधला संसर्ग शहरातल्या साथीबरोबर वरखाली होत होता. कोविड वॉर्डांतला मात्र शहराकडे ढुंकूनही न पाहता चढाच राहिला. तो कामाच्या जागेवरचा होता. त्या वॉर्डांत तेव्हाच्या नियमांप्रमाणे साधा सर्जिकल मास्क दिला जात होता, कारण उच्च प्रतीचा मास्क नळी घालण्यासारख्या ‘धोकादायक’ कामांपुरताच राखून ठेवलेला होता. डिसेंबरच्या अखेरीस रुग्णालयाने नियमाची वाट न पाहता कोविड वॉर्डात सर्वांना तो उच्च प्रतीचा मास्क दिला, आणि दोन प्रकारच्या वॉर्डांमधला फरक जवळजवळ नाहीसा झाला.

दुसरा आक्षेप याच्याच पोटातून निघतो. अतिदक्षता विभागात संसर्ग कमी होता तो तिथे चांगले किट होते म्हणून. तेव्हा तिथे धोकाच कमी होता असे कसे म्हणता? याच्या पुष्ट्यर्थ आपल्याकडचा पुरावाही देता येईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये संसर्ग झालेल्या ३७८ आणि न झालेल्या ३७३ आरोग्य कर्मचाऱ्यांची तुलना केली, तेव्हा रुग्णाला नळी घालणाऱ्यांमध्ये संसर्गाची शक्यता चौपटीहून अधिक दिसली. एवढा पुरावा उडवून लावता येत नाही, आणि चांगल्या किटचा उपयोग झाला हेही खरेच आहे. पण दोन गोष्टी विसरून चालणार नाहीत. एक, एकेका कृतीमागचा धोका आणि एकूण बाधितांची संख्या हे दोन वेगळे हिशेब आहेत. नळी घालणारे हात रुग्णालयात मोजकेच असतात आणि ते काम काही मिनिटांचे. वॉर्डात चादर बदलणारे, पॉट उचलणारे, जेवण वाढणारे हात शेकड्यांनी असतात आणि बारा-बारा तास असतात. थोडा धोका पुष्कळांना पुष्कळ वेळ झाला की बेरीज तिकडेच जास्त होते. दुसरी गोष्ट हवेच्या मोजमापाची. ब्रिस्टलच्या संशोधकांनी शस्त्रक्रियागृहात कण मोजले तेव्हा नळी घालताना उडणारे सूक्ष्म कण साध्या खोकल्याच्या मानाने अगदी नगण्य निघाले. भूल दिलेला माणूस खोकत नाही, हे त्याचे सरळ कारण. खोकतो तो वॉर्डातला, आणि त्याच्याजवळ उभी असलेली सिस्टर साध्या मास्कवर असते. अॅडनब्रुक्सच्याच आणखी एका अभ्यासात कोविड वॉर्डाच्या हवेत विषाणू सर्रास सापडला, अतिदक्षता विभागाच्या हवेत क्वचित. आणि वॉर्डात हवा गाळणारी यंत्रे सुरू केल्यावर तो सापडेनासा झाला.

हवा हा शब्द उच्चारायला जागतिक आरोग्य संघटनेने फार वेळ घेतला. २८ मार्च २०२० रोजी तिने कोविड हवेतून पसरत नाही असे ठासून जाहीर केले होते. जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन हरकत घेतली, तेव्हा कुठे सूर हळूहळू बदलला. दरम्यान जगभरची रुग्णालये फरशी पुसत राहिली, लिफ्टची बटणे पुसत राहिली, खिडक्या मात्र बंदच राहिल्या. वास्तविक हा धडाही २००३ मध्ये हनोईत मिळाला होता. तिथल्या एका वातानुकूलित खासगी रुग्णालयात सार्स कर्मचाऱ्यांमध्ये झपाट्याने पसरला. तो ओळखून जगाला सावध करणारे डॉ. कार्लो उर्बानी स्वतः त्या आजाराला बळी पडले. उलट त्याच शहरातल्या बाक माय या सरकारी रुग्णालयाने सार्सचे रुग्ण मोठ्या खिडक्यांच्या, उंच छताच्या वॉर्डांत ठेवले, खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांमध्ये संसर्ग पसरला नाही. अर्थात श्रेय एकट्या खिडक्यांचे नाही, मास्क आणि शिस्तही होती. पण मुंबई-पुण्याकडच्या जुन्या सरकारी रुग्णालयांकडे बघताना हनोईची आठवण होते. समोरासमोर खिडक्या, व्हरांडे, उंच छत, सगळे तयार आहे. आणि त्याच वॉर्डात दोन खाटांच्या मध्ये गादी टाकून तिसरा रुग्ण झोपवला की त्या वास्तूचा सगळा फायदा धुऊन निघतो.

खर्चाचा मुद्दा इथे हमखास येतो. प्रत्येक वॉर्डात प्रत्येकाला एन-९५ द्यायचे तर पैसा कुठून आणायचा? प्रश्न खोटा नाही, पण पैसा कशाकशावर गेला तेही पाहावे. वॉर्डाची हवा पुरेशी बदलते का, याचा मापदंड जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिला: सामान्य वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर. खिडक्या आणि एक्झॉस्ट पंखे यांच्या बळावर आपल्या हवामानात हे पुष्कळ ठिकाणी गाठता येते. आपण मात्र २२ मार्च २०२० रोजी कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्या प्रतिबंधक म्हणून घ्यायला सांगितले. परिषदेच्या वर सांगितलेल्या तुलनेत या गोळ्या उपयोगी असल्याचे दिसलेही होते, पण काटेकोर चाचण्यांत तो उपयोग टिकला नाही. गोळी वाटता येते, वाटल्याचा आकडा देता येतो, कागदोपत्री काम दिसते. खिडकीचा गंजलेला आकडा बदलला, याचे परिपत्रक निघत नाही.

मास्क लावले, खिडक्या उघडल्या, तरी एक फट उरते आणि ती सहकाऱ्यांमधली आहे. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात सप्टेंबर २०२० मध्ये ३८ कर्मचारी आणि १४ रुग्ण बाधित झाले. ज्या रुग्णापासून सुरुवात झाली असावी, त्याची चाचणी दाखल होताना दोनदा निगेटिव्ह आली होती. म्हणजे संशय घेतला, तपासले, तरीही विषाणू निसटला. पुढे तो वाढला त्यामागे रुग्णांच्या तोंडावर मास्क नसणे हे एक कारण होते, आणि कर्मचाऱ्यांनी एकत्र बसून जेवणे हे दुसरे. हे कळायला बॉस्टनला जायची गरज नाही. आपल्याकडे सिस्टरांची ड्यूटी रूम म्हणजे एक टेबल, एक कपाट, चार जणींची जागा आणि आठ जणींची हजेरी. सकाळ-दुपारच्या पाळ्यांचा हँडओव्हर तिथेच, चहा तिथेच, डबा तिथेच. किट घालून सहा तास पाण्याचा घोट न घेतलेली माणसे बाहेर येऊन पहिली गोष्ट करतात ती मास्क काढणे, आणि ती करतात इमारतीतल्या सर्वांत कोंदट खोलीत. ‘कर्मचाऱ्यांनीच काळजी घेतली नाही’ असा ठपका मग सहज ठेवता येतो. पण जेवायला दुसरी जागाच नसेल तर तो ठपका माणसांवर ठेवायचा की खोलीवर?

आजारी पडूनही कामावर येण्याचे तसेच. ज्याची नोकरी कायम आहे तो ताप आला तर रजा टाकतो. कुरकुरत का होईना, ती मंजूर होते. कंत्राटी सफाई कामगार, वॉर्डातली मावशी किंवा मामा रोजावर असतात. खाडा झाला की दिवसाचे पैसे गेले, चार खाडे झाले की बदली माणूस उभा. अशा माणसाला घसा खवखवतोय हे कबूल करणे परवडत नाही. सगळे आजारी घरी बसले तर रुग्णालय चालवायचे कोणी, हा व्यवस्थापनाचा युक्तिवाद साथीच्या ऐन भरात बिनतोड वाटतो. पण टोरंटो, हाँगकाँग आणि एप्रिल २०२० मधली मुंबई यांनी तो खोडून काढला आहे. मुंबई सेंट्रलमधल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाल्यावर आख्खे रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र म्हणून बंद करावे लागले. पाच जणांना पगारी रजा देण्यापेक्षा ते नक्कीच महाग पडले असणार.

आता लस आहे, हा शेवटचा आक्षेप. लसीचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. भारतीय वैद्यक संघटनेच्या मोजणीनुसार २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ७०० हून अधिक डॉक्टर गेले. त्याच काळात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या कर्मचाऱ्यांचा हिशेब मांडला. दोन्ही डोस घेतलेल्यांना ऑक्सिजन लागण्यापासून ९२ टक्के आणि अतिदक्षता विभागात जाण्यापासून ९४ टक्के संरक्षण मिळाले होते. संसर्गापासून मात्र ६५ टक्केच. हा फरक महत्त्वाचा आहे. लस कर्मचाऱ्याचा जीव वाचवते. त्याच्यामार्फत विषाणू खाटेवरच्या कर्करोगाच्या किंवा डायलिसिसच्या रुग्णापर्यंत जाणे ती पुरते थांबवत नाही. शिवाय नवी साथ येईल तेव्हा पहिले कित्येक महिने लस नसेलच. जगभरात जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे; त्यातला बराच काळ लसीशिवायचा होता.

या अंदाजाची दोन टोके एकमेकांपासून इतकी लांब आहेत, कारण बहुतेक ठिकाणी मोजणीच झाली नाही. मोजायचे ठरवले तर काय कळते ते दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनने दाखवले आहे. तिथल्या सेंट ऑगस्टिन्स रुग्णालयात मार्च-एप्रिल २०२० मध्ये ३९ रुग्ण आणि ८० कर्मचारी बाधित झाले, १५ रुग्ण दगावले. संशोधकांनी कोणता रुग्ण कोणत्या तारखेला कोणत्या वॉर्डातून कुठे हलवला याचा नकाशा मांडला, विषाणूंची जनुकीय रचना ताडून पाहिली, आणि सगळा फैलाव बहुधा मार्चच्या सुरुवातीला तातडीच्या विभागात येऊन गेलेल्या एकाच रुग्णापासून झाला, इथपर्यंत माग काढला. तिथून तो पाच वॉर्ड, डायलिसिस केंद्र आणि एका वृद्धाश्रमापर्यंत गेला होता. असा माग काढायला आधी एक साधी गोष्ट हाताशी लागते: कोणत्या पाळीला कोणत्या वॉर्डात कोण होते, याची नोंद. आपल्याकडे डॉक्टरांची यादी विभागप्रमुखाकडे असते, सिस्टरांची मेट्रनच्या कार्यालयात, आणि मावशी-मामांचे हजेरीपुस्तक कंत्राटदाराच्या माणसाकडे. त्यातल्या माणसाला सकाळी मेडिसिनला, दुपारी प्रसूतीला आणि गरज पडली तर कॅज्युअल्टीला पाठवतात, आणि हजेरीपुस्तकात त्या दिवसापुढे एकच ‘पी’ असतो.